उसाच्या रानात दरवर्षी तोच पट्टा का बसतो? क्षारपड आणि चोपण जमिनीची तपासणी, सोप्यापासून अवघडापर्यंत

सांगली-कोल्हापूरकडच्या वाळवा, पलूस, मिरज, शिरोळ, हातकणंगले या पट्ट्यात फिरताना सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारा प्रश्न असा असतो: "रानाच्या खालच्या अंगाला ऊस येत नाही, पट्टा दरसाल वाढतोय, काय टाकू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. टाकायचं काय ते नंतर बघू, आधी या रानातलं पाणी बाहेर कुठून पडतं ते दाखवा. बहुतेक ठिकाणी त्यावर बांधाकडे बोट जातं, आणि बांधापलीकडे चर गाळानं भरलेला असतो किंवा चरच नसतो.

क्षार जळत नाहीत, सडत नाहीत, कुठल्या औषधानं मरत नाहीत. ते पाण्याबरोबर आले आणि पाण्याबरोबरच जाणार. म्हणून खालची सगळी तपासणी पाण्याच्या वाटेभोवती रचली आहे. पहिल्या काही पायऱ्यांना पैसे लागत नाहीत. शेवटच्या पायरीला एकरी मोठा खर्च येतो आणि ती एकट्यानं करायची नाही.

आधी लक्षणं

संपूर्ण रान एकदम जात नाही. सुरुवात खालच्या कोपऱ्यातून, पाटाच्या कडेनं किंवा ओढ्याला लागून होते. लागण केल्यावर उगवण तुटक होते, नांग्या भरल्या, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा लावलं, तरी तिथली रोपं खुंटून बसतात. जुन्या पानांची टोकं आणि कडा करपायला लागतात. पाणी दिल्यावर शेजारच्या सरीत वाफसा, म्हणजे कामाजोगी ओल, आलेला असतो, पण या पट्ट्यात पाय रुततो. लव्हाळा माजतो, आणि फारच पुढे गेलेल्या ठिकाणी चराच्या तोंडाशी पाणकणीस उभं राहतं.

जमिनीच्या अंगावर दोन वेगळ्या खुणा दिसतात आणि त्यांची गल्लत करू नये. पहिली, हिवाळा-उन्हाळ्यात वरंब्याच्या माथ्यावर पांढरा थर येतो, पायाखाली माती भुसभुशीत लागते. याला आपण "मीठ फुटलं" म्हणतो. ही क्षारयुक्त जमीन. दुसरी, पांढरं काही दिसत नाही, उलट साचलेलं पाणी आटलं की वर काळपट तेलकट साय राहते, ओली माती बुळबुळीत, वाळली की ढेकूळ दगडासारखं, नांगराला दाद देत नाही. ही चोपण. काळी साय येते ती जमिनीतला सेंद्रिय अंश सोडियममुळे विरघळून वर आल्यानं. आपल्याकडे तिसरा प्रकारही भरपूर आहे, क्षारयुक्त-चोपण, आणि तोच सगळ्यात फसवा. त्याबद्दल पुढे.

हा दुसराच आजार तर नाही ना?

पाच मिनिटांचं काम आहे, पण ते वगळून लोक जिप्समच्या, म्हणजे चोपण जमिनीत मिसळायच्या कॅल्शियमयुक्त भुकटीच्या, गाड्या मागवतात.

बसलेल्या बेटाला हात घालून उपटून बघा. बेट सहज निघून आलं आणि मुळं कुरतडलेली दिसली तर खाली हुमणीची अळी आहे, क्षार नाहीत. तिचा बंदोबस्त वेगळा.

मग पानं बघा. वरची कोवळी पानं पिवळी-पांढरी आणि शिरा हिरव्या असतील तर तो केवडा, म्हणजे लोहाची कमतरता. आपल्या काळ्या जमिनी बेसॉल्ट खडकापासून झालेल्या, त्यांत चुनखडी भरपूर, आणि चुन्यात लोह असूनही पिकाला मिळत नाही. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट घेऊन दोन-चार सऱ्यांवर फवारून बघा. नवी पानं हिरवी येऊ लागली तर निदान पक्कं. मात्र केवडा त्याच खालच्या पट्ट्यात आणि जास्त पाणी दिल्यावरच येत असेल तर मूळ पुन्हा निचऱ्यातच आहे, कारण पाणी साचलेल्या चुनखडीच्या जमिनीत मुळं लोह उचलू शकत नाहीत. फवारणीनं रंग येईल, पट्टा सुधारणार नाही.

जुनी पानं सरसकट पिवळी असतील तर आधी नत्राचा विचार करा. टोकं आणि कडा करपलेली, वाढ खुंटलेली, आणि तेही ठरावीक पट्ट्यातच, असं असेल तर पुढं वाचा.

पहिली तपासणी: बांधावरून ओढ्यापर्यंत चालत जा

याला खर्च शून्य. मात्र ही तपासणी सगळ्यात कमी लोक करतात.

पाणी देऊन झाल्यावर किंवा मोठ्या पावसानंतर, त्याच दिवशी, रानाच्या खालच्या बांधापासून चालायला सुरुवात करा आणि पाणी जिथं नैसर्गिक ओढ्याला मिळतं तिथपर्यंत जा. वाटेत काय अडलंय ते बघा. चर बुजून त्यात ऊस लावलेला असतो. रस्त्याखालची नळी गाळानं अर्धी भरलेली असते. कुणीतरी ओढ्यात बांध घालून मोटार बसवलेली असते, त्यामुळे वरच्या सगळ्या चरांचं पाणी तुंबतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर नदीकाठच्या कितीतरी ओढ्यांत गाळ बसला. ओढ्याचा तळ वर आला की चराचं तोंड ओढ्याच्या पाण्याखाली जातं आणि चर असून नसल्यासारखा होतो.

हे का महत्त्वाचं? आपल्या खोल काळ्या जमिनीत चिकणमातीचं प्रमाण निम्म्याहून जास्त असतं. ती उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा पाणी भराभर पितं असं वाटतं, पण एकदा फुगली की भेगा मिटतात आणि पाणी खाली मुरण्याचा वेग अगदी थोडा राहतो. वरच्या अंगाचं, शेजाऱ्याचं, पाटातून झिरपणारं असं सगळं पाणी मग खालच्या रानात जमतं. कमरेइतका खोल, ओढ्याकडे उतार असलेला उघडा चर नीट चालू केला, एवढ्यानंच जमिनीला वाफसा लवकर येऊ लागल्याची रानं मी बघितली आहेत. पट्टा नुकताच बसायला लागला असेल तर पुष्कळदा काम इथंच संपतं.

चर सामाईक असेल तर सगळ्या बांधकऱ्यांनी मिळून साफ करावा लागतो. एकानं आपल्यापुरता उकरला तर पाणी खालच्याच्या रानात जातं आणि भांडण उभं राहतं. हे बोलणं जमीन सुधारण्याचाच भाग आहे, ते टाळून पुढच्या पायऱ्यांवर पैसे घालू नका.

दुसरी तपासणी: जमिनीखालचं पाणी किती वर आहे

गिरमिट, म्हणजे जमिनीत भोक पाडायचं हत्यार, मिळालं तर उत्तम. पाच फुटांपर्यंत भोक पाडायचं, एक बसलेल्या पट्ट्यात आणि एक चांगल्या रानात. एक दिवस तसंच ठेवा, कारण चिकण मातीत पाणी सावकाश झिरपून पातळीला येतं. मग काठी घालून मोजा. भोकात बारीक छिद्रं पाडलेली पीव्हीसी नळी उभी केली आणि वर झाकण लावलं तर वर्षभर तिथंच मोजता येतं. महिन्यातून एकदा वहीत लिहा.

गिरमिट नसेल तर टिकावानं खड्डा काढतात, पण ओल्या काळ्या मातीच्या भिंती ढासळतात. खोल खड्ड्यात उतरू नका, आणि उघडा ठेवायचा असेल तर काटेरी फांद्या टाकून झाका. पोरंबाळं आणि जनावरं रानात फिरतात.

पाच फुटांपर्यंत पाणी लागलंच नाही तर चांगली गोष्ट आहे, तुमचा दोष बहुधा वरच्या थरात किंवा पाण्याच्या गुणवत्तेत आहे. तीन ते पाच फुटांत लागलं तर सावध व्हा. तीन फुटांच्या आत आणि तेही उन्हाळ्यात, पाण्याची पाळी नसताना, तर जिप्सम, शेणखत, जिवाणू, काहीही टाकून हा पट्टा टिकाऊ सुधारणार नाही. कारण साधं आहे. चिकणमातीतल्या बारीक पोकळ्यांतून पाणी आपोआप वर चढतं, पृष्ठभागावर ऊन लागून उडतं आणि बरोबर आणलेलं मीठ तिथंच सोडतं. तुम्ही वरून कितीही धुतलं तरी खालून भरणा चालूच.

मी बघितलेल्या "सगळं करून झालं, तरी पट्टा जात नाही" या तक्रारींत बहुसंख्य ठिकाणी पाण्याची ही पातळी कुणी मोजलेलीच नव्हती.

तिसरी तपासणी: काचेचा पेला आणि व्हिनेगर

बसलेल्या पट्ट्यातलं करंगळीच्या पेराएवढं वाळलेलं ढेकूळ घ्या. पेल्यात पावसाचं साठवलेलं किंवा बॅटरीचं शुद्ध पाणी घ्या, विहिरीचं नको. ढेकूळ अलगद सोडा आणि न हलवता काही तास तसंच ठेवा. ढेकूळ फुटून खाली बसलं आणि पाणी नितळ राहिलं तर मातीचे कण एकमेकांना धरून आहेत. ढेकळाभोवती दुधाळ, गढूळ वलय पसरलं आणि दुसऱ्या दिवशीही पाणी निवळलं नाही तर सोडियमनं कण सुटे केले आहेत. रानातही हेच होतं. सुटे कण पोकळ्यांत जाऊन बसतात आणि पाण्याची वाट बुजते.

पाणी नितळ राहिलं म्हणून निर्धास्त होऊ नका. जमीन क्षारयुक्त-चोपण असेल तर जास्तीच्या मिठामुळेच कण गोळा होऊन राहतात आणि पेला फसवतो. अशा जमिनीला कुणी नुसतंच भरपूर पाणी भरून धुतलं तर मीठ जातं, सोडियम मात्र मातीला चिकटून राहतो, आणि बऱ्यापैकी मुरणारी जमीन घट्ट चोपण होऊन बसते. पांढरा थर नाहीसा झाला म्हणून माणूस खूश होतो आणि पुढच्या हंगामात रान पाणीच पीत नाही. असं झाल्यावर सुधारणेला जास्त वर्षं लागतात.

मातीवर व्हिनेगरचे थेंब टाकून फेस येतो का तेही बघा. फेस आला तर चुनखडी आहे. हे पुढं जिप्सम घ्यायचं की गंधक, हे ठरवताना लागेल.

चौथी तपासणी: तुम्ही देता ते पाणी

विहीर किंवा बोअरच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत देणं मातीच्या तपासणीइतकंच स्वस्त आहे. पंप थोडा वेळ चालवून मग स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं विसळून भरा.

एक एकरावर एक इंच पाणी म्हणजे साधारण १ लाख लिटर. पाण्याची विद्युत वाहकता, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत ईसी, १ डेसीसायमन प्रति मीटर असेल तर एका लिटरमध्ये अंदाजे ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. म्हणजे एका इंच पाण्याबरोबर एकरात सुमारे ६५ किलो क्षार आले. उसाला वर्षात ६० इंच पाणी दिलं तर जवळजवळ ४ टन. ईसी २ असेल तर ८ टन. निचरा असेल तर यातले बरेच वाहून जातात. निचरा नसेल तर ते तुमच्याच रानात राहतात, आणि पुढच्या वर्षी तेवढेच पुन्हा येतात.

पाण्याच्या अहवालात ईसी ०.७५ पर्यंत असेल तर बहुतेक पिकांना अडचण नाही. ०.७५ ते २.२५ असेल तर निचरा असल्याशिवाय वापरू नये. २.२५ च्या पुढचं पाणी उसाला नकोच. दुसरा आकडा आरएससी, म्हणजे शिल्लक राहणारा सोडियम कार्बोनेटचा भाग. १.२५ च्या आत ठीक, २.५ च्या पुढं गेलं तर ते पाणी चांगली जमीनही चोपण करतं. अशा वेळी विहिरीचं पाणी नदीच्या पाण्यात मिसळून देता येतं, किंवा उगवणीच्या नाजूक काळात नदीचं आणि पुढं विहिरीचं, अशी आलटून-पालटून पाळी ठेवता येते.

पाणी देण्याची पद्धतही इथंच बघून घ्या. रात्री मोटार सुरू करून सकाळी बंद करायची, सरी भरून वाहीपर्यंत थांबायचं, ही सवय नदीकाठी पाणी मुबलक असल्यानं लागली. ठिबकनं पाणी निम्म्यावर येऊ शकतं आणि खालच्या पाण्याची पातळी वर चढणं थांबतं. मात्र ठिबकनं ओलाव्याच्या कडेला मीठ जमतं. पहिल्या वळवाच्या सरी आल्या की ते मुळांकडे सरकतं, म्हणून तेव्हा ठिबक बंद न ठेवता चालूच ठेवा.

पाचवी तपासणी: प्रयोगशाळेचा अहवाल, आणि त्यात काय मागायचं

मृदा आरोग्य पत्रिकेवर अवलंबून राहू नका. ती योजना २०१५ मध्ये आली, उपयोगी आहे, पण तिच्यात सामू (पीएच), ईसी, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्यं मिळून १२ गोष्टी असतात. मातीला चिकटलेला सोडियम त्यात नसतो. चोपण ओळखायला तोच आकडा लागतो. म्हणून नमुना देताना लेखी मागा: विनिमययोग्य (मातीला चिकटलेल्या) सोडियमचे टक्के, मुक्त चुन्याचं प्रमाण आणि जिप्समची गरज. कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत विचारा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं कसबे डिग्रज येथील संशोधन केंद्र याच भागात आहे.

नमुना काढताना बसलेला पट्टा आणि चांगलं रान एकत्र मिसळू नका. दोन्हींचे वेगळे नमुने, आणि पट्ट्यातले तर थरांप्रमाणे वेगळे: वरचा एक फूट, दुसरा फूट, तिसरा फूट. मीठ वरून खाली कमी होत गेलेलं दिसलं तर ते खालच्या पाण्यानं वर आणलंय. खाली जास्त आणि वर कमी असेल तर थोडंफार धुऊन जातंय, म्हणजे वाट अजून पुरती बंद झालेली नाही. दरवर्षी एकाच महिन्यात नमुना काढा. मे आणि ऑक्टोबरच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

आकडे वाचताना एक घोळ नेहमी होतो. पुस्तकात ईसी ४ च्या वर गेली की जमीन क्षारयुक्त असं लिहिलेलं असतं. तो आकडा संपृक्त मातीच्या अर्काचा, म्हणजे माती पाण्यानं पुरती भिजवून तिच्यातून काढलेल्या पाण्याचा. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी अशा अर्काची ईसी देतात, ती पातळ असल्यानं आकडा बराच लहान येतो. तिथं १ च्या आत असेल तर चिंता नाही, पण २ आली तर "४ च्या आत आहे की" म्हणून सोडून देऊ नका. अहवालावर पद्धत लिहिलेली नसेल तर फोन करून विचारा.

सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर चोपण, ही जगभरची व्याख्या. आपल्या काळ्या, फुगणाऱ्या जमिनीत १५ ची वाट बघत बसू नये. ५-६ टक्क्यांच्या पुढंच पाणी मुरणं मंदावायला लागतं. विदर्भातल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात तर कालव्याचं पाणी न देताही जमिनी अशा झाल्या आहेत, आणि तिथल्या अभ्यासांतूनच ही खालची मर्यादा पुढं आली.

आता उपाय, आणि त्यांचा क्रम

चर मोकळा, पाण्याची पातळी खाली, अहवाल हातात. आता टाकायचं काय, हा प्रश्न योग्य जागी आला.

नुसती क्षारयुक्त जमीन असेल, सोडियम कमी असेल, तर तिला जिप्समची गरज नाही. तिला धुवायचं असतं. वाफे पाडून, बांध घालून चांगलं पाणी साठवायचं, मुरू द्यायचं, पुन्हा साठवायचं. साधा ठोकताळा असा की एक फूट पाणी मुरलं की वरच्या एक फूट मातीतलं बरंच मीठ खाली जातं. चिकण जमिनीत त्याहून जास्त पाणी लागतं. सलग तुंबवण्यापेक्षा थांबून-थांबून दिलेलं पाणी जास्त काम करतं. पावसाळ्यात बांध घट्ट ठेवून हे फुकटात होतं.

चोपण किंवा क्षारयुक्त-चोपण असेल तर आधी जिप्सम, मग धुणं. जिप्सममधला कॅल्शियम मातीवरच्या सोडियमची जागा घेतो, सुटलेला सोडियम सल्फेट होऊन पाण्याबरोबर चरातून जातो. चर नसेल तर तो कुठंच जात नाही आणि तुमचे पैसेही तिथंच अडकतात. मात्रा अहवालातल्या गरजेप्रमाणे घ्या, शेजाऱ्यानं किती टाकलं त्यावर जाऊ नका. गरज मोठी आली तर दोन-तीन वर्षांत विभागून टाका. बारीक दळलेलं घ्या आणि वरच्या चार-सहा इंचांतच मिसळा. खोल नांगरून गाडलं तर ते विरळ होतं आणि वरचा थर घट्टच राहतो. टाकल्यावर पाणी द्यायलाच हवं, कारण जिप्सम पाण्यात फार सावकाश विरघळतं.

व्हिनेगरला भरपूर फेस आला होता, म्हणजे चुना मुबलक आहे, तर गंधकाचा पर्याय आहे. जमिनीतले जिवाणू गंधकाचं आम्ल करतात, आम्ल चुन्यातला कॅल्शियम मोकळा करतं. १ किलो गंधकाचं काम सुमारे साडेपाच किलो जिप्समइतकं होतं, पण त्याला ओलावा, ऊब आणि वेळ लागतो. शेणखत किंवा कारखान्याच्या मळीच्या कंपोस्टबरोबर दिलं तर चांगलं चालतं. थेट सल्फ्युरिक आम्ल ओतण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. डोळे आणि हात जातात.

सुधारणा चालू असताना हिरवळीच्या खतासाठी ढैंचा करा. तो क्षार सोसतो, मुळांनी घट्ट थर फोडतो आणि गाडल्यावर सेंद्रिय अंश वाढतो. ताग अशा पट्ट्यात नीट येत नाही. खतांत सिंगल सुपर फॉस्फेट आणि अमोनियम सल्फेट बरी, कारण पहिल्यात कॅल्शियम आणि गंधक दोन्ही आहेत, दुसऱ्यात गंधक. युरिया द्यायचाच तर मातीआड द्या, कारण सामू जास्त असलेल्या जमिनीत वर फेकलेल्या युरियातला नत्र अमोनिया होऊन हवेत उडतो.

या दरम्यान पीक कोणतं?

ऊस हे क्षाराला हळवं पीक आहे हे पुष्कळांना पटत नाही, पण संपृक्त अर्काची ईसी १.७ च्या पुढं गेली की त्याचं उत्पादन घटायला लागतं. कांदा १.२ ला, घेवडा १ ला, द्राक्ष १.५ ला मागे येतं. म्हणजे तासगाव-मिरजेकडच्या बागेच्या बांधाशी पांढरं दिसलं तर उसापेक्षाही लवकर हललं पाहिजे. याउलट सोयाबीन ५ पर्यंत, गहू ६ पर्यंत, शुगरबीट ७ पर्यंत, कापूस साडेसातच्या आसपासपर्यंत तग धरतो. बसलेल्या पट्ट्यात एक-दोन वर्षं गहू घेऊन पाणी कमी करणं हा सुधारणेचाच भाग समजा. ऊसच लावायचा असेल तर को ८६०३२ या जातीपेक्षा फुले २६५ जातीचा ऊस अशा जमिनीत जास्त सोसतो, पण तोही पाणी साचलेल्या पट्ट्याला उपाय नाही. लागण वरंब्याच्या माथ्यावर न करता बगलेला करा, मीठ माथ्यावर जमतं.

इथं थांबा आणि माहितगाराला बोलवा

खालीलपैकी काहीही असेल तर स्वतः खोदकाम सुरू करू नका:

उन्हाळ्यातही पाणी तीन फुटांच्या आत आहे. उघडा चर काढायला जागा नाही किंवा चर काढूनही पातळी हलत नाही. ओढ्याचा तळ तुमच्या रानाच्या पातळीला आला आहे. किंवा पट्टा आता एका रानाचा न राहता पाच-दहा जणांच्या रानांत पसरला आहे.

अशा ठिकाणी भूमिगत निचरा लागतो: छिद्रांची पीव्हीसी नळी, तिच्याभोवती गाळणी कापड, जमिनीखाली साधारण तीन ते चार फुटांवर, ठरावीक अंतरानं, सगळ्या नळ्या मुख्य नळीला आणि ती ओढ्याला. दोन नळ्यांतलं अंतर ठरतं ते मातीतून पाणी किती वेगानं सरकतं यावर, आणि तो वेग रानात मोजावा लागतो. उतार फुटांत नसतो, इंचांत असतो. त्यासाठी लेव्हलिंग यंत्रानं मोजणी लागते. जेसीबीवाल्याच्या अंदाजानं टाकलेल्या नळ्यांना मध्येच पोट येतं, तिथं गाळ बसतो, आणि दोन हंगामांत सगळी रांग बंद पडते. नळी कुठं तुंबली हे जमिनीवरून दिसत नाही, म्हणून दुरुस्तीचा खर्च नव्यानं टाकण्याइतकाच होतो. मोल नांगरानं काढलेली पोकळ वाट स्वस्त पडते, पण तीही मातीत पुरेशी चिकणाई असेल आणि काढताना ओल योग्य असेल तरच टिकते. हेही बघून सांगणारा माणूस लागतो.

कुणाकडे जायचं? जिल्ह्याच्या मृद सर्वेक्षण व मृद चाचणी कार्यालयात, कृषी विद्यापीठाच्या सिंचन-निचरा विभागात, कारखान्याच्या ऊस विकास विभागात. शिरोळ तालुक्यात श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं गावोगावच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन भूमिगत निचऱ्याची कामं केली आहेत. कुणाशीही करार करण्याआधी तिथली चालू असलेली रानं जाऊन बघा आणि मुख्य नळीचं तोंड कुठं उघडतं ते विचारा. नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८५ मध्ये सुरू झालं आणि पुढच्या काही दशकांतच बारामती भागात पाणथळ-खारवट जमिनींचा प्रश्न उभा राहिला. तेव्हापासूनचा अनुभव हाच आहे की निचरा एका रानापुरता पाहून भागत नाही.

जाताना हातात हे असू द्या: तीन थरांचा माती अहवाल, पाण्याचा अहवाल, गिरमिटाच्या भोकातल्या पाण्याची वर्षभराची नोंद, ओढ्यापर्यंतच्या वाटेचा हातानं काढलेला नकाशा आणि बांधकऱ्यांची संमती. एवढं असेल तर अभियंता पहिल्याच भेटीत कामाचं बोलू शकतो.

काम झाल्यावर मुख्य नळीच्या तोंडाशी येणारं पाणी बाटलीत भरून दरवर्षी त्याची ईसी तपासत जा. सुरुवातीला आकडा मोठा येईल, ते मीठ बाहेर पडतंय याचं चिन्ह. हळूहळू तो तुमच्या सिंचनाच्या पाण्याच्या जवळ यायला हवा. पाऊस पडूनही तोंडातून पाणीच येत नसेल तर वाट न बघता नळी टाकणाऱ्याला बोलवा, आणि पूर येऊन गेल्यावर सगळ्यात आधी ते तोंड गाळाखाली गेलंय का ते बघा.